खोटा ठरलेला हवेचा काटा

एक बारीक शिट्टी होती. आधी ऐकू येईल न येईल अशी. मग शेतातल्या लांबच्या पांदणीतून कोणी ओठ आवळून फुंकत यावं तशी. आणि चढ लागला की स्वच्छ, लांबलचक. ती गाडीच्या पोटातून यायची. ती सुरू झाली की माझ्या अंगात हवा भरायची आणि मी उठायचो. ती शिट्टी बंद पडून चार वर्षं झाली. भर दुपारी नागपूरच्या सदर भागातला हा रस्ता जरा गप्प झाला की अजूनही ती मला ऐकू येते.

मी हवेचा काटा. कवडू मिस्त्रीच्या गॅरेजात भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर ग्रीसचा डबा आणि जुनी बेअरिंगं यांच्या मधे मी बसून असतो. मी सावकाश बोलतो, ते तेवढं चालवून घ्या. शिक्षण मला नाही. माझ्या तोंडावर आकडे छापलेले आहेत, पण माणसाला जसं स्वतःचं तोंड दिसत नाही, तसे मला ते कधी दिसले नाहीत. आत किती हवा आली एवढंच मला कळतं. जेवढी येते तेवढीच मी सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. माझ्या पोटात पितळेची एक चपटी, पोकळ नळी आहे, चंद्रकोरीसारखी वाकवलेली. हवा शिरली की ती सरळ व्हायला बघते. पुरी सरळ ती कधीच होत नाही, केसभर हलते. त्या केसभर हलण्यावर एक दांडी, दांडीवर दातांचं एक चाक आणि चाकावर काटा. हवा गेली की कोर परत आपली वाकते आणि मी खाली बसतो. चष्मा लावलेल्या एका बाईने ती कोर माझ्यात बसवली होती. बसवताना ती श्वास रोखून धरायची. श्वासाशी माझा संबंध तिथूनच लागला असावा.

मला एका मोठ्या, दुधी रंगाच्या डिझेल गाडीत बसवलं. त्या गाडीच्या इंजिनाला एक जास्तीचा पंखा होता. इंजिनातला धूर बाहेर जाता जाता त्या पंख्याला फिरवायचा आणि पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायचा. हवा जास्त, तेवढा जोर जास्त. या पंख्याला टर्बो म्हणतात. तो किती दाब देतो आहे हे ड्रायव्हरला सांगणं, एवढंच माझं काम. इंजिनाकडून माझ्यापर्यंत करंगळीहून बारीक अशी काळी रबरी नळी यायची. तीच माझा गळा.

गाडी आधी दिल्लीत एका परदेशी साहेबाकडे होती. त्या साहेबाने दोन वर्षांत माझ्याकडे दोनदा पाहिलं असेल. तो आपल्या देशी निघून गेला, गाडी सरकारी लिलावात आली आणि एकोणीसशे ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या रस्त्याला लागली. घेणाऱ्याचं नाव गणपतराव. नरखेडाकडे त्यांचा संत्र्याचा आणि मोसंबीचा मळा होता आणि राहणंही मळ्यातच होतं.

गणपतराव शौकीन नव्हते. धोतर, पायात वहाणा, खिशात सुपारीची डबी, एवढाच त्यांचा थाट. परदेशी गाडी त्यांनी घेतली ती बायकोसाठी. रुख्मिणीबाईंना दमा होता. संत्र्याला बहार आला, मळाभर तो गोड वास सुटला, की त्यांचा जीव कोंडायचा. गावच्या डॉक्टरची सुई लागू पडली तर पडली, नाही तर नागपूरचा दवाखाना गाठायचा. जुन्या गाडीने त्याला अडीच-तीन तास लागायचे. आदल्या वर्षी कळमेश्वरला पोहोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. तेव्हा गणपतरावांनी ठरवलं, आता वाटेत दम न सोडणारी गाडी घ्यायची.

लोक म्हणायचे, बाईंना नागपुरातच ठेवा. पण झाडं त्यांच्या हातची होती. त्या म्हणत, "ज्यानं मरून राहिली त्याच्याच जवळ मले राहू द्या. बाकीचे दहा महिने तं जगून राहिली ना मी." असं म्हणून हसत, आणि हसताना खोकत.

गाडी मळ्यात आली त्या दिवशी गावातले पाहुणे जमले. एकेक जण आत बसून स्टेअरिंगला हात लावून बघत होता. रुपराव नावाचे एक चुलतभाऊ होते. त्यांनी जागच्या जागी गाडीला रेस दिली आणि माझ्या काचेवर नखाने टिचकी मारली.

"गणपतराव, हा काटा तं मेला हाय! हलूनच नाही राहिला."

"नवरदेव हाय तो," ड्रायव्हर नत्थूजी म्हणाला. "वरात निघाल्याबिगर उठत नाही."

सगळे हसले. पण नत्थूजी म्हणाला ते खरं होतं. उभ्या गाडीला कितीही रेस द्या, मी फारसा उठत नाही. अंगावर ओझं पडलं, चढ लागला, तरच पंखा जोराने फिरतो. आणि ती टिचकी. माणसाची ती एक सवय मी जन्मभर पाहत आलो. मनासारखं सांगितलं तर काचेला कोणी हात लावत नाही. मनाविरुद्ध सांगितलं की टिचकी मारतात.

नत्थूजीची वीस वर्षं संत्र्याच्या ट्रकवर गेली होती. कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेला माणूस. हात मोठे, बोलणं थट्टेचं, आणि बाईंवर त्याची माया थोरल्या बहिणीवर असावी तशी. त्याच्या उस्तादाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, त्या त्याच्या हातात मुरल्या होत्या. गाडी थांबली की चावी बंद. उतार लागला की चावी बंद. डिझेल उगाच जाळायचं नाही. जुन्या ट्रकवाल्यांचा हा धर्मच होता, त्यात त्याचं काही चुकलं असं त्या वेळी कोणी म्हटलं नसतं.

पहिल्या बहारात बाईंना झटका आला तेव्हा फेब्रुवारीतली सकाळ होती. गणपतरावांनी त्यांना मागच्या सीटवर टेकवून बसवलं. झटक्यात त्यांना आडवं होता येत नसे, बोलताही येत नसे. पुढच्या दोन सीटांच्या मधून त्यांना मीच समोर दिसायचो. नत्थूजीने गाडी सोडली, शिट्टी वाजू लागली, मी उठलो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी वर गेलो की त्या श्वास ओढायच्या. गिअर बदलताना मी क्षणभर बसायचो, तेव्हा त्या सोडायच्या. कोणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. काटोल गेलं, कळमेश्वर गेलं, आणि दीड तासाच्या आत आम्ही दवाखान्याच्या फाटकात होतो.

चार दिवसांनी त्या घरी निघाल्या तेव्हा गाडीत बसता बसता म्हणाल्या, "नत्थूजी, तो काटा लय गुणाचा हाय. त्याच्या संगं संगं मी दम घेतला."

"मंग पगार त्यालेच द्या बाई," नत्थूजी म्हणाला. "मी गाडी पुसत बसतो."

त्या दसऱ्याला त्यांनी गाडीची पूजा केली आणि माझ्या काचेलाही कुंकवाचं बोट लावलं. एवढा मान मला साहेबाने कधी दिला नव्हता.

मग एक दिवस मी खोटं बोललो.

दिवाळीनंतरची गोष्ट. गणपतराव बाजाराच्या कामाला नागपूरला निघाले होते, बाई सोबत होत्या. चढावर मी उठलो, पण अर्ध्यावरच थांबलो. पुढच्या चढाला त्याहून खाली. नत्थूजीने टिचकी मारली. गणपतराव म्हणाले, "काहून गा, काय झालं?" त्यांचा आवाज बदलला होता. बहार दोन-अडीच महिन्यांवर आला होता, हे तिघांच्याही मनात आलं असणार. नागपुरात शिरल्याबरोबर गाडी कवडू मिस्त्रीच्या दारात आली.

कवडू आधी उमरेडच्या कोळशाच्या खाणीत होता. तिथल्या मोठाल्या डंपरांना टर्बो असायचे, म्हणून शहरात हे काम जाणणारा तोच. शिडशिडीत अंग, एक डोळा बारीक करून बघण्याची सवय. त्याने हत्यार हातात घेतलं नाही. आधी गाडीत बसला आणि म्हणाला, "चला, एक चक्कर मारून येऊ." सेमिनरी हिलच्या चढावर त्याने नत्थूजीला गाडी दाबायला लावली, खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं आणि कान देऊन बसला.

"शिट्टी बराबर हाय," तो म्हणाला. "गाडी ओढून राहिली. धूरही नाही. म्हणजे तीन साक्षीदार एक बोलून राहिले आणि हा एकटा दुसरंच. मंग खोटं कोण बोलते?"

गॅरेजात येऊन त्याने माझी नळी सोडली. साबणाच्या पाण्यात बुडवली आणि पायाच्या पंपाने तिच्यात हवा मारली. एका जागी बुडबुडे आले. नळी गरम पाइपाला टेकून टेकून तिथे तडकली होती. टर्बो हवा देत होता, ती वाटेत गळत होती आणि माझ्यापर्यंत अर्धीच पोहोचत होती. मी आली तेवढी सांगितली. पण खोटं निघालं ते माझ्या तोंडून निघालं.

कवडूने नवी नळी घातली, ती पाइपापासून दूर बांधली आणि माझ्या काचेवरून फडकं फिरवत म्हणाला, "घ्या. गाडी सच्ची, काटा खोटारडा."

सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं, म्हणून सगळे जरा जास्तच हसले. त्या एका थट्टेचं पुढे काय होईल हे कवडूला कळलं नाही. मलाही कळलं नाही.

जाताना कवडूने नत्थूजीला बाजूला घेतलं. "एक ध्यानात ठेवजा. जोरात पळवून आणली का लगेच चावी बंद करू नका. आतला पंखा तापून लाल असते. इंजिन बंद झालं का त्याचं तेल बंद होते, आणि आहे ते तेल तिथल्या तिथं जळते. दोन मिनिटं चालू राहू द्या. आणि उतारावरही बंद करत नका जाऊ."

"दोन मिनिटं?" नत्थूजी म्हणाला. "बाईले दवाखान्यात न्यायचं का गाडीले वारा घालत बसायचं?"

"बाईले उतरवा ना. गाडी काय तुमच्या मागं मागं येते?"

नत्थूजीने महिनाभर ते पाळलं. पण हात जुने होते. दवाखान्याच्या फाटकात गाडी चालू ठेवली तर चौकीदार ओरडायचा, "ओ, गाडी बंद करा, धूर आत जाते." मळ्यात पोहोचल्यावर उगाच घरघरणारी गाडी त्याला वाया चाललेल्या डिझेलसारखी वाटायची. आणि परतीच्या वाटेला उतार लागला की त्याचा हात आपोआप चावीकडे जायचा. इंजिन गप्प व्हायचं, टायरांचा आवाज तेवढा उरायचा आणि पंखा अंधारात, तेलावाचून, एकटाच फिरत राहायचा. ते मला कळायचं. सांगायला मला तोंड एकच, आणि हवेवाचून ते उघडत नाही.

पंखा हळूहळू जड झाला. शिट्टी घोगरी झाली. मी एक रेघ खाली आलो, मग दोन. या वेळी नळी धड होती. या वेळी मी खरं सांगत होतो.

ते पहिल्यांदा पाहिलं बाईंनी. जानेवारीत त्या बहिणीकडे काटोलला चालल्या होत्या, तब्येत बरी होती. म्हणाल्या, "नत्थूजी, काटा वर नाही जाऊन राहिला. पहिल्यासारखा नाही जाऊन राहिला."

"खोटारडा हाय तो बाई. नळी ढिली झाली असन."

"मिस्त्रीले एकदा दाखवा ना."

"त्यात मिस्त्रीले काय दाखवाचं? मीच करतो."

आणि त्याने केलं. मळ्यात झाडाखाली गाडी उभी करून नळीचं माझ्याकडचं टोक बोटभर कापलं, परत बसवलं आणि वर तांब्याच्या तारेचे सात वेढे घट्ट आवळले. काम चांगलं केलं होतं. सुईच्या अग्राएवढी हवा गळली नसती. पण मी होतो तिथेच राहिलो. त्याने टिचकी मारली. मग त्याने माझ्याकडे बघणंच सोडलं. घोगरी शिट्टी त्याने ऐकली नसेल असं नाही. मागचा काळा धूर त्याला आरशात दिसला नसेल असंही नाही. पण माणसाने एकदा एकाला खोटं ठरवलं की त्याच्या बाजूचे साक्षीदारही त्याला ऐकू येईनासे होतात.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. त्या वर्षी बहार दाट आला होता. सकाळी दहाच्या सुमाराला गणपतराव बाईंना धरून गाडीपाशी घेऊन आले. डॉक्टरची सुई देऊन झाली होती. त्यांच्या गळ्यातून बारीक, ओढलेला आवाज येत होता. त्या मागे बसल्या आणि त्यांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

मी उठायचा प्रयत्न केला असं म्हणू का? काट्याला प्रयत्न नसतो. आत येईल तेवढीच हवा. निम्म्यापर्यंत गेलो आणि थांबलो. त्यांनी तेवढाच श्वास ओढला.

काटोलपर्यंत गाडी ओढत ओढत आली. काटोलात गणपतरावांच्या मित्राची जीप होती. घर रस्त्यावरच, जीप अंगणात उभी, आम्हाला सगळ्यांना दिसली. गणपतराव म्हणाले, "नत्थू, गाडी बराबर हाय ना? नसन तं सांग. जीप घेऊ."

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

नत्थूजीने ते बोट पाहिलं. तो म्हणाला, "काटा खोटा बोलते बाई, त्याच्याकडं पाहू नका. गाडी गरम झाली का धावन. मालक, जीपमंदी त्यायले हादरे बसतीन. हेच बरं हाय."

हे तो मायेनेच म्हणाला. हादऱ्यांचं खरंही होतं. गणपतरावांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा नत्थूजीकडे, आणि म्हणाले, "चल मंग."

काटोलच्या पुढे आठ-दहा मैलांवर आतून एक किंचाळी आली आणि तुटली. तीच शेवटची. पंखा जाम झाला. मी शून्यावर बसलो. गाडी बंद नाही पडली, हे आणखी वाईट. ती चालत राहिली. मागे काळा धूर सोडत, बैलगाडीहून जरा जास्त वेगाने चालत राहिली. पाठीमागून एक एसटी आली, हॉर्न देत पुढे निघून गेली. नत्थूजीने हात बाहेर काढून हलवला, ओरडला, पण ती लांब गेली होती. रस्ता मोकळा होता. ऊन स्वच्छ पडलं होतं.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. मी उठायची वाट बघत होत्या. कळमेश्वरच्या अलीकडे गणपतराव म्हणाले, "नत्थू, थांबव." मग म्हणाले, "आता घाई नाही."

गाडी तिथे थांबली आणि नत्थूजीने चावी बंद केली.

महिन्याभराने गाडी ओढून कवडूच्या गॅरेजात आणली. त्याने टर्बो खोलला. आत तेल जळून डांबर झालं होतं, दांडा त्याच्यात चिकटून बसला होता. कवडूने ते बोटाने खरवडलं, वास घेतला आणि खूप वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने माझी नळी पाहिली, तारेचे वेढे पाहिले. त्याला सगळं कळलं. कोणाच्या हाताने काय झालं तेही, आणि कोणाच्या थट्टेने काय झालं तेही.

गणपतराव दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मिस्त्री, मले खरं सांगा. नत्थू म्हणे काटा खोटा बोलते. खोटा होता का?"

कवडूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "हो. काटाच खराब होता. जुनी गाडी मालक, कोणाच्या हातची चूक नाही."

गणपतराव मान हलवून गेले. गाडी भंगारात निघाली. कवडूने मला नळीसकट काढून घेतलं, फळीवर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "तुह्यावर घातलं गा. तुले काय, तुले पोट नाही, लेकरं नाहीत."

मी ते घेतलं. खोटा म्हणून बसायला माझी ना नव्हती.

पण फळीवर बसून माझं काही संपलं नाही. दुपारी कधी कधी, नळीत काही नसताना, मी थरथरतो. गॅरेजात आलेली माणसं बघतात आणि म्हणतात, "मिस्त्री, तो काटा हलला." कवडू म्हणतो, "रस्त्यानं ट्रक गेला असन." ट्रक गेलेला नसतो हे त्यालाही माहीत असतं. माझ्या पोटातल्या पितळेच्या कोरीत कोणी तरी बारीक, ओढलेला श्वास घेत असतं. तो आत येतो तेवढा येतो आणि अर्ध्यावर थांबतो. मी त्याची वाट बघतो. वरती जाईन, त्या श्वास घेतील, असं मला वाटतं. मग ग्रीसचा वास येतो आणि मी फळीवर असतो.

बाबांनो, तुमच्यापैकी कोणाकडे असली गाडी येईल. आता अशा गाड्या वाढतील म्हणतात. तिच्यात माझ्यासारखा एखादा असेल. तो खाली आला तर आधी त्याची नळी बघा, जरूर बघा. पण नळी धड निघाली आणि तो तरी खालीच राहिला, तर तिथे थांबू नका. शिट्टी ऐका. धूर बघा. ज्याने एकदा चुकीचं सांगितलं त्याचं दुसऱ्यांदाही ऐका. आणि मागे बसलेलं माणूस बोट दाखवत असेल तर ते बोट कुठे आहे ते वळून बघा. एवढंच माझं मागणं आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की आज सकाळी नत्थूजी आला होता.

चार वर्षांत मी त्याला पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरी त्याने त्याच महिन्यात सोडली, हे कवडूच्या बोलण्यात एकदा आलं होतं. संत्रा बाजारात आता तो पेट्यांना खिळे ठोकतो. केस पांढरे झाले आहेत. दारात चपला काढून तो आत आला, एखाद्याच्या घरी यावं तसा.

"या नत्थूजी," कवडू म्हणाला. "लय दिवसांनी."

"मिस्त्री, तो काटा ठेवला म्हणतात तुम्ही."

नत्थूजीने फळीकडे पाहिलं आणि मी त्याला सापडलो.

"मालक मले कधी काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. म्हणतात, काटा खराब होता, मिस्त्रीनं पाहिलं." तो थांबला. "तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"मंग खराब होता ना?"

कवडूने तोंड उघडलं. गणपतरावांना सांगताना जे सहज निघालं ते या माणसापुढे निघेना. तो म्हणाला, "कायले उकरून राहिले नत्थूजी? चार वर्सं झाली. झोप येते ना?"

"नाही येत," नत्थूजी म्हणाला.

त्याने हात लांब करून मला उचललं. नळी मला तशीच लटकत होती, तारेचे वेढे तसेच होते. त्यांच्यावर त्याने अंगठा फिरवला. मग नळीचं दुसरं टोक धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ओठांत धरलं.

"राहू द्या ना गा," कवडू म्हणाला. पण जागचा उठला नाही.

मला वाटलं, उठू नये. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. चार वर्षं मी खोटाच आहे, आणखी एक फुंकर खोटा राहिलो तर कोणाचं काय जाणार होतं? हा माणूस घरी जाऊन झोपला असता. मी पितळेला म्हटलं, धर. दांडीला म्हटलं, अड.

त्याने फुंकर घातली. त्याची ऊन हवा तारेच्या सात वेढ्यांखालून माझ्यात शिरली, कोर केसभर सरकली आणि मी उठलो. माणसाच्या फुंकरीने मी जेवढा उठायला पाहिजे तेवढा, बरोबर एक रेघ. नत्थूजीने जिभेने नळीचं तोंड दाबून धरलं. नळी गळत असती तर मी लगेच उतरलो असतो. मी उतरलो नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्या रेघेवर उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने त्याने जीभ काढली. मी खाली बसलो.

त्याने नळी नीट गुंडाळली, मला दोन्ही हातांनी फळीवर ठेवलं. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ आली होती, ती बाहीने पुसली. टिचकी मारली नाही.

"नत्थूजी, बसा," कवडू म्हणाला. "चहा सांगतो. ऐका, माहीही चूक हाय त्याच्यात. मीच तं म्हटलं होतं त्याले खोटारडा. ऐकून राहिले ना?"

नत्थूजीने दारात जाऊन चपला पायात घातल्या, रस्त्यावर उतरला आणि चालत गेला.